सोमाली म्हाताऱ्यांच्या शब्दाला वजन आलं कुठून

पूर्व आफ्रिकेतले सोमाली लोक वडीलधाऱ्यांना फार मान देतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण का देतात हे सांगायला कोणी बसत नाही. नुसते संस्कार म्हणून सोडून द्यावं असं ते प्रकरण नाहीये. तिथे म्हातारा माणूस म्हणजे बराच काळ कोर्ट आणि रेकॉर्ड ऑफिस दोन्ही होता.

मुळात हा उंट-शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारा समाज, पाऊस बेभरवशाचा, आणि सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती थेट १९७२ मध्ये. त्याआधी कुठल्या विहिरीवर कोणाचा हक्क, कोणाच्या पणजोबाने कोणाला काय शब्द दिला होता, हे सगळं तोंडीच. वयसुद्धा पावसावर मोजायचे, म्हणजे आपण 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणतो ते तिथे अक्षरशः खरं. मोठ्या दुष्काळांना नावं असायची, १९७४-७५ चा तो 'दबाडेर', म्हणजे लांब शेपटीचा. पोरगं त्याच्या आधी झालं की नंतर एवढं कळलं की पुरे, तारीख कोण लिहून ठेवणार? (परदेशात गेलेल्या कितीतरी सोमाली लोकांच्या कागदपत्रांवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसते ती यामुळेच.)

मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, अनोळखी असला तरी 'अदेर' म्हणजे काका, बाई असेल तर 'एद्दो' म्हणजे आत्या, आणि गंमत म्हणजे काकाही पुतण्याला उलट 'अदेर'च म्हणतो. म्हाताऱ्यांकडून 'दुओ' म्हणजे आशीर्वाद घ्यायचा, त्यात दीर्घायुष्य आलंच, आणि आईबापाच्या तळतळाटाला, 'हबार'ला, अजूनही लोक टरकून असतात. सोमालियात सरासरी आयुर्मान आजही साठीच्या आत आहे, त्यामुळे दीर्घायुष्य मागणं ही तिथे नुसती बोलायची पद्धत नाही.

पण खरी ताकद 'हेर'मध्ये (आपला गुप्तहेर नाही, हा त्यांचा परंपरेचा कायदा). भांडण झालं की झाडाखाली सभा बसते, तिला 'शिर' म्हणतात, कधी कधी दिवसच्या दिवस चालते. खून झाला तर मारेकऱ्याच्या सगळ्या भाऊबंदांनी मिळून भरपाई द्यायची, जुना हिशोब पुरुषासाठी १०० उंट आणि बाईसाठी ५०. हो, निम्मे, आणि शिरमध्ये बायकांना बसायलाही जागा नव्हती, हे न सांगता नुसतं कौतुक करणं बरोबर नाही. युद्धात कोणाला हात लावायचा नाही हेही ठरलेलं, म्हातारे, बायका, मुलं, पाहुणे, धर्माची माणसं, यांना 'बिरी-मा-गेयदो' म्हणजे भाल्यापासून वाचलेले म्हणतात. आणि नुसतं वय झालं म्हणून कोणी 'ओदय', म्हणजे सभेत ज्याचा शब्द चालतो असा वडीलधारा, होत नाही बरं का, बोलता आलं पाहिजे, जुने निवाडे आणि कविता पाठ पाहिजेत, नाहीतर पांढऱ्या दाढीलाही कोणी विचारत नाही.

इंग्रजांनी हे बरोबर हेरलं. येमेनमधल्या एडन बंदरातल्या त्यांच्या फौजेला मटण लागायचं ते समोरच्या सोमाली किनाऱ्यावरून यायचं, म्हणून १८८४ ते ८६ मध्ये त्यांनी एकेका टोळीच्या म्हाताऱ्यांशी करार केले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या ताब्यात, त्यामुळे १८९८ पर्यंत या भागाचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे होता आणि पुढेही कित्येक वर्षं तिथे आपलाच रुपया चालायचा. म्हाताऱ्यांपैकी काहींना 'अकिल' नेमून मानधन सुरू केलं. माझ्या मते खरी गडबड इथून सुरू झाली, कारण पगार सरकारचा म्हटल्यावर माणूस कोणाच्या बाजूने बोलणार?

पुढे स्वतंत्र सोमालियात १९६९ मध्ये सियाद बारे लष्करी उठाव करून आला, समाजवाद आणला, टोळीचं नाव काढायला बंदी, खुनाची सामूहिक भरपाई रद्द, आणि ओदयांना नवीन सरकारी नाव दिलं, 'नबददोन', शांतता शोधणारा. नाव बदलून काय होतंय. जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला, सरकार नावाचं काही उरलं नाही, आणि भाल्यापासून वाचलेल्यांना बंदुकीने सोडलं नाही.

उत्तरेत, स्वतःला वेगळा देश म्हणवणाऱ्या सोमालीलँडमध्ये मात्र म्हातारेच पुढे आले. १९९२ मध्ये तिथेही आपापसात गोळीबार झाला होता, तरी १९९३ च्या सुरुवातीला बोरामा गावात १५० ओदय जमले आणि चारेक महिने बसले. कंटाळवाणं वाटेल, पण हीच त्यांची पद्धत, पटेपर्यंत उठायचं नाही. त्यातून शस्त्रं जमा करायचं ठरलं, मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल राष्ट्राध्यक्ष झाले, आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी गुपचूप खुर्ची सोडली, आणि ओदयांची सभा 'गूर्ती' हीच संसदेचं वरिष्ठ सभागृह झाली.

दक्षिणेत गोष्ट वेगळी. २००० मध्ये जिबूतीतल्या आर्ता इथल्या परिषदेत टोळ्यांच्या पाच गटांमध्ये संसदेच्या जागा वाटल्या जात होत्या तेव्हा बायकांनी आमचा सहावा गट म्हणून वेगळी जागा मागितली, आशा हाजी एल्मी त्यात पुढे होत्या. पुढे २०१२ मध्ये १३५ ओदयांनी खासदार निवडले, २०१६ मध्ये त्यांनीच खासदारांसाठी मत देणारे १४,०२५ प्रतिनिधी ठरवले, आणि मतांची बोली लागल्याच्या तक्रारी झाल्या. अल-शबाब या अतिरेकी संघटनेने भाग घेणाऱ्यांना धमक्या दिल्या, काहींना मारलंही.

आणि ती गूर्ती? मूळ सदस्य वारला की बऱ्याचदा जागा मुलाकडे किंवा भाऊबंदांकडे जाते, सभागृहाची मुदत वाढतच राहते आणि राष्ट्राध्यक्षांची मुदत वाढवायचा अधिकारही त्यांच्याकडेच. निम्म्याहून जास्त लोक विशीच्याही आतले असलेल्या समाजात पोरं यावर कुरकुरतात ते उगाच नाही, कारण अनुभवाला मिळालेली जागा वारशाने जायला लागली.