शून्य ताणाचं तापमान नेमकं कुठलं? कॉम्पोझिटमधल्या अंतर्गत ताणांची पार्श्वभूमी

कॉम्पोझिट म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवलेले फायबर, आणि पार्ट बनतानाच त्यात काही ताण अडकून राहतात. काचेच्या फायबरच्या बोटी, टाक्या बनत होत्या तोवर या ताणांकडे फारसं कुणी बघत नव्हतं, रेझिन बहुतेक वेळा साध्या हवेतच सेट व्हायचं आणि भिंत जाड ठेवली की भागायचं. खरी अडचण आली कार्बन-इपॉक्सीबरोबर. कार्बन फायबर तापला की लांबीत वाढत नाही, उलट किंचित आखडतो, आणि इपॉक्सी हे रेझिन मात्र दर डिग्रीला दहा लाखात 50-60 भाग फुगतं. मग 177 डिग्रीला क्युअर करून (तापवून रेझिन घट्ट करून) पार्ट थंड केला की 0/90 लॅमिनेटमध्ये, म्हणजे फायबर एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या थरांत, शेजारची प्लाय (थर) या प्लायला आडवं आखडूच देत नाही. बाहेरून काहीच लोड नाही, तरी प्लायची आडवी ताकद निम्म्याच्या आसपास आधीच संपलेली!

1970 च्या दशकात याचा हिशोब लॅमिनेट थिअरीत (थरांमधले ताण काढायच्या गणितात) बसला आणि तिथेच घोळ झाला. थंड होण्यातला फरक मोजायचा कुठून? त्यासाठी 'स्ट्रेस-फ्री टेंपरेचर', म्हणजे ज्याला ताण शून्य असतो ते तापमान, हा शब्द रुळला. काहींनी सरळ क्युअरचं तापमान धरलं. काहींनी ग्लास ट्रान्झिशनचं तापमान धरलं, कारण त्याच्या वर रेझिन मऊ असतं, ताण टिकत नाही. तिसरी पद्धत म्हणजे 0/90 ची दोनच थरांची पट्टी घ्यायची, ती थंड झाल्यावर वाकते, ओव्हनमध्ये ज्या तापमानाला सपाट होईल तोच आकडा. पण पट्टी क्युअरच्या तापमानालाही बऱ्याचदा थोडी वाकलेलीच राहते, कारण जेल झाल्यानंतर (द्रवपणा संपल्यानंतर) रेझिन केमिकल रिॲक्शननेही आकसतं, आणि ते आकसणं गार होण्याशी संबंधितच नाही. म्हणून मला तरी वाटतं की हे खरं तापमान नाहीच, उष्णता, केमिकल आकुंचन, साच्याचं घर्षण सगळं एकात कोंबून जुळवलेला आकडा आहे, आणि डिझाइनवाले अजून तो मटेरियलचा गुणधर्म असल्यासारखा वापरतात हे धोक्याचं आहे.

पुढे पीक (PEEK) सारखी थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून वितळणारी प्लास्टिक, आली, ती 380 डिग्रीच्या आसपास प्रोसेस होतात, म्हणजे उतरण अजून मोठी, वर क्रिस्टल बनतानाचं आकुंचन वेगळंच.

वापरतानाच टाकी खूप गार होत असेल तर ही उतरण आणखी वाढते. 1999 मध्ये नासाच्या एक्स-33 या प्रायोगिक अवकाशयानाच्या कॉम्पोझिट टाकीत उणे 253 डिग्रीचं द्रव हायड्रोजन भरून चाचणी झाली. आतल्या थरात बारीक भेगा पडल्या, वायू हनीकोंबमध्ये (दोन थरांमधल्या पोळ्यासारख्या गाभ्यात) शिरला आणि टाकी परत गरम होताना दाब वाढून बाहेरचा थर सुटला.

आता लॅमिनेटमध्येच ऑप्टिकल फायबरचे सेन्सर ठेवून क्युअर चालू असतानाच स्ट्रेन (लांबीतला बदल) मोजतात. पण त्यावरून ताण काढायला रेझिनचा त्या क्षणाचा मॉड्युलस (कडकपणा) लागतो, आणि जेल झाल्यापासून तो सारखा बदलत असतो.