मिनेसोटातली प्रीसिंक्ट कॉकस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर पहिली काही वर्षं मी फक्त नोव्हेंबरात मत देत होतो. मतपत्रिकेवर छापून आलेल्या नावांपैकी एकापुढचा गोल काळा करायचा, लाल स्टिकर जाकिटावर चिकटवायचं आणि घरी यायचं. ती नावं मतपत्रिकेपर्यंत कशी पोचतात, ते मला कळलं फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रात्री, शाळेच्या कॅफेटेरियात बसल्यावर.

आपल्याकडे तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो, इकडे अख्ख्या मतदारसंघाचे डोळे लागलेले असतात. मिनेसोटात उमेदवार ठरवण्याची सुरुवात खालून होते, तुमच्या घराजवळच्या प्रीसिंक्टच्या सभेतून. प्रीसिंक्ट म्हणजे मतदानाचा सगळ्यात छोटा विभाग, आपल्या यादी भागासारखा. राज्यात असे चार हजारांहून जास्त प्रीसिंक्ट आहेत. पक्षाने आपल्या प्रीसिंक्टमधल्या समर्थकांची घेतलेली सभा म्हणजे कॉकस. ती पक्ष चालवतो, पण तिची वेळ, मतदानाची पात्रता आणि कामगारांची रजा राज्याच्या कायद्यात लिहिलेली आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. कॉकस म्हटलं की लोकांना आयोवा आणि राष्ट्राध्यक्षपदाची चुरस आठवते. मिनेसोटातही २०१६ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा कौल कॉकसमध्येच घेतला जायचा. त्या वर्षी १ मार्चला इतकी गर्दी उसळली की विधिमंडळाने त्याच वर्षी वेगळ्या प्रायमरीचा (म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदारांच्या मतदानाचा) कायदा केला, आणि ती पहिल्यांदा ३ मार्च २०२० रोजी झाली. आता कॉकसमध्ये तीन कामं होतात: प्रीसिंक्टचे पदाधिकारी निवडणं, पक्षाच्या पुढच्या अधिवेशनासाठी डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, निवडणं आणि पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठराव मांडणं. गव्हर्नरच्या निवडणुकीच्या वर्षी चिठ्ठीवर कल घेतला जाऊ शकतो, पण तो कुणावर बंधनकारक नसतो.

कधी आणि कुठे

कॉकस सम वर्षी होते आणि संध्याकाळी ७ वाजता सुरू होते. दोन सर्वांत मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून आधीच्या विषम वर्षाच्या १ मार्चपर्यंत दुसरी तारीख कळवली नाही, तर फेब्रुवारीचा पहिला मंगळवार ठरलेला. २०२२ मध्ये १ फेब्रुवारीला झाली, २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला. त्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर शाळा मंडळ, नगर परिषद, काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) बोर्ड यांना बैठक घेता येत नाही. हिमवादळामुळे रस्ते धोक्याचे झाले तर त्या त्या काउंटीतली कॉकस आठवडाभर पुढे ढकलायची तरतूदही कायद्यात आहे. मिनेसोटातला फेब्रुवारी ज्याने पाहिलाय त्याला याचं कारण सांगायला नको.

जागा शोधायला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर 'कॉकस फाइंडर' असतो. तारखेच्या काही आठवडे आधी तो सुरू होतो. पत्ता टाकला की तुमचा प्रीसिंक्ट आणि दोन्ही पक्षांच्या सभेची जागा दिसते. नोव्हेंबरातल्या मतदान केंद्रावर जाऊ नका. कॉकसची जागा बहुतेक वेळा वेगळी असते, आणि एकाच शाळेत दहा-पंधरा प्रीसिंक्ट बसलेले असतात. प्रीसिंक्टचं नाव आणि नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. दारातच तो विचारतात.

कोण जाऊ शकतं, कोण मत देऊ शकतं

सभा सर्वांसाठी खुली असते. बसून ऐकायला कुणालाही हरकत नाही. मत द्यायला किंवा डेलिगेट व्हायला मात्र येत्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत तुम्ही मतदानाला पात्र असायला हवं: अमेरिकेचे नागरिक, तोपर्यंत १८ पूर्ण, आणि राज्यात किमान २० दिवसांचं वास्तव्य. त्या प्रीसिंक्टमध्ये तुमचं घर हवं. पक्षाच्या तत्त्वांशी तुम्ही सहमत असायला हवं, आणि मागच्या निवडणुकीत तुम्ही त्या पक्षाला मत दिलेलं असावं किंवा पुढच्या निवडणुकीत द्यायचा तुमचा विचार असावा. एका वर्षात दोन पक्षांच्या कॉकसमध्ये मत देता येत नाही. डीएफएल, म्हणजे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्ष (१९४४ मध्ये दोन पक्ष एकत्र येऊन झालेला, मिनेसोटातल्या डेमोक्रॅटांचं हेच नाव), १६ वर्षांच्या मुलांनाही भाग घेऊ देतो. घरात अकरावी-बारावीतलं मूल असेल तर त्याला जरूर बरोबर घ्या.

मिनेसोटात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, त्यामुळे 'मी त्या पक्षाचा सभासद नाही' ही अडचण उरतच नाही. मतदार यादीत नाव नसलं तरी चालतं, फक्त तुम्ही पात्र असायला हवं.

आता एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मंडळींसाठी. तुम्ही जा, ऐका, शेजाऱ्यांशी बोला. पण दारात सही करायला जो कागद पुढे करतात त्यावर पात्रतेची ग्वाही छापलेली असते. मागे रांग आहे म्हणून न वाचता सही करू नका. मी पाहुणा म्हणून आलोय, नागरिक नाही, असं स्वच्छ सांगा. नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात फार गंभीर मानला जातो, आणि त्याची किंमत पुढे स्वतःच्या नागरिकत्वाच्या अर्जात मोजावी लागू शकते. एका सहीसाठी एवढा धोका कुणीही घेऊ नये.

कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण आपल्याला सरकारी काम म्हटलं की झेरॉक्स आणि दोन फोटो आठवतात. पहिल्या वेळी मी पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि विजेचं बिल अशी फाइलच घेऊन गेलो होतो. ती कुणी उघडायला सांगितली नाही. नाव, पत्ता, फोन लिहायचा आणि सही करायची, झालं. प्रवेश शुल्क नसतं. मध्येच खाकी पाकीट फिरतं, त्यात पक्षासाठी ऐच्छिक वर्गणी टाकायची. काहीच न टाकता पाकीट पुढे सरकवणारेही असतात.

न्यायचं असेल ते एवढंच: पेन, प्रीसिंक्टचा नंबर आणि ठराव मांडायचा असेल तर तो आधीच टाइप करून आणलेला कागद. जाता येत नसेल तर डीएफएलमध्ये गैरहजर राहणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म असतो. त्यात डेलिगेट व्हायची तयारी आणि आपला ठराव कळवता येतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा असल्यास किमान ३० दिवस आधी पक्षाला कळवावं लागतं.

नोकरीची वेळ आड येत असेल तर घाबरू नका. किमान १० दिवस आधी लेखी कळवलं की कॉकसला जायची परवानगी मालकाला द्यावीच लागते. तेवढ्या वेळाचा पगार कापला जाऊ शकतो, बाकी शिक्षा करता येत नाही. ईमेल साधी दोन ओळींची ठेवा आणि तारीख दिसेल अशी जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना त्यांच्या वरिष्ठांनी 'असं काही नसतं' म्हणून सांगितलं होतं. त्यांनी कायद्याचं कलम, २०२ए.१९, लिहून पाठवलं आणि विषय तिथेच मिटला.

त्या संध्याकाळी काय होतं

साडेसहाला पोचा. कॅफेटेरियात मुलांच्या जेवणाची ती लांब, घडीची टेबलं असतात, बाकांसकट. प्रत्येक टेबलावर दुमडलेला पुठ्ठा उभा केलेला, त्यावर मार्करने प्रीसिंक्टचा नंबर. आमच्या टेबलावर अकरा जण होतो. संयोजक होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी माझं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं आणि मग वहीत लिहिलं. समोर बसलेले गृहस्थ माझ्याच गल्लीतले निघाले. सहा वर्षं आम्ही एकमेकांना फक्त बर्फ काढताना हात दाखवत होतो.

ज्यांनी कधी हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत बसून पाहिलंय त्यांना इथलं काहीच अवघड वाटणार नाही. आधी सभेचा अध्यक्ष निवडतात, मग प्रीसिंक्टचे पदाधिकारी. मग येतो खरा मुद्दा: डेलिगेट. प्रत्येक प्रीसिंक्टला ठरावीक जागा मिळतात. आमच्याकडे जागा होत्या चौदा आणि माणसं अकरा. म्हणजे ज्याने हात वर केला तो डेलिगेट झाला. निवडणूक नाही, भाषण नाही. मला तो क्षण अजून आठवतो, कारण इतकी वर्षं मी समजत होतो की हे काम कुठल्यातरी ओळखीच्या, वजनदार लोकांचं आहे.

माणसं जास्त आणि जागा कमी असल्या तर डीएफएलमध्ये 'वॉकिंग सबकॉकस' होते. ज्यांना जो उमेदवार किंवा जो विषय महत्त्वाचा वाटतो ते त्या नावाचा गट करून खोलीच्या एका कोपऱ्यात उभे राहतात. समजा ३० माणसं आणि ६ जागा, तर साधारण ५ माणसांमागे एक डेलिगेट. चारच जण असलेल्या गटाला आणखी एक माणूस वळवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या गटात जावं लागतं. त्या दहा मिनिटांत खोलीभर जी ये-जा आणि मनधरणी चालते, ती एकदा तरी अनुभवावी. रिपब्लिकन सभांमध्ये साधारणपणे नावं सुचवून चिठ्ठ्यांवर मतं घेतात.

ठरावांसाठी सूचक-अनुमोदकाची आपली पद्धत डोळ्यांसमोर आणा. एका ठरावात एकच मागणी, दोन-तीन वाक्यांत. पक्षाच्या भूमिकेत बसेल असा राज्याचा किंवा देशाचा विषय घ्या. कोपऱ्यावरचा दिवा नगरपालिकेकडे न्यायचा. मी नेलेला ठराव नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांमधली दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा काढण्याबद्दल होता. टेबलावरच्या बहुतेकांनी अशी काही मर्यादा असते हे पहिल्यांदाच ऐकलं. पाच मिनिटं प्रश्नोत्तरं झाली, हात वर झाले, मंजूर. मंजूर ठराव पुढच्या पातळीच्या समितीकडे जातो. तिथे सारखे ठराव एकत्र करतात, काही गळतात, उरलेल्यांवर अधिवेशनात मतं पडतात.

डेलिगेट झाल्यावर

पुढची पायरी म्हणजे सिनेट डिस्ट्रिक्टचं, म्हणजे राज्य सिनेटच्या मतदारसंघाचं, अधिवेशन (राज्यात असे ६७), ग्रामीण भागात काउंटीचं. शनिवारचा अख्खा दिवस जातो, डबा घेऊन जा. तिथे राज्य विधिमंडळाच्या उमेदवाराला पक्षाचा पाठिंबा द्यायचा की नाही, यावर डेलिगेट मत देतात. पाठिंब्याला सहसा ६० टक्के मतं लागतात. तिथून काँग्रेस डिस्ट्रिक्टचं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या मतदारसंघाचं, अधिवेशन (ही आठ) आणि शेवटी राज्य अधिवेशन. अधिवेशनासाठीही १० दिवस आधी लेखी कळवून कामावरून सुटी मिळते.

हा पाठिंबा म्हणजे पक्की उमेदवारी नव्हे. ऑगस्टमधल्या प्रायमरीत कुणीही आव्हान देऊ शकतं. २०१८ मध्ये डीएफएलच्या अधिवेशनाने गव्हर्नरपदासाठी एरिन मर्फी यांना पाठिंबा दिला आणि प्रायमरी टिम वॉल्झ यांनी जिंकली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात पाठिंबा मिळालेल्या जेफ जॉन्सन यांनी माजी गव्हर्नर टिम पॉलेंटी यांना हरवलं. पण विधिमंडळाच्या जागांसाठी बरेच उमेदवार 'पाठिंबा दुसऱ्याला मिळाला तर मी थांबेन' असं आधीच सांगतात, आणि तिथे त्या शनिवारी हॉलमध्ये बसलेल्या लोकांचंच मत निर्णायक ठरतं.

पूर्ण डेलिगेट होणं जमणार नसेल तर पर्यायी डेलिगेट म्हणून नाव द्या. अधिवेशनाच्या सकाळी कुणी आलं नाही की पर्यायीला जागा मिळते, आणि कुणीतरी येत नाहीच. नाव दिलं असेल तर संयोजकांनी तुमचा ईमेल बरोबर लिहिलाय ना, हे टेबलावरून उठण्याआधी वहीत स्वतः वाचून घ्या. अधिवेशनाची तारीख आणि जागा त्याच पत्त्यावर येते.