नेटबंदी आणि टेलिकॉम कंपन्या

हुकूमशाही सरकारं आंदोलन पेटलं की फोन-नेट बंद करतात, पण बटण बऱ्याचदा कंपनीकडे असतं आणि ते दाबायची सक्ती कायद्यात नाहीतर लायसन्समध्ये आधीच लिहून ठेवलेली असते. आपल्याकडं सोलापूरच्या नव्या पेठेत रेंज गेली की "काय बे हे नेटवर्क" म्हणून शिवी कंपनीलाच पडते, वरून आदेश आलाय का हे कोण बघतंय.

पहिली नेटबंदी कुठली यावर एकमत नाही. बरेच जण इजिप्त २०११ म्हणतात, पण सप्टेंबर २००७ मध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले तेव्हा म्यानमारच्या लष्करानं नेट तोडलं होतं, आणि त्याच्याही आधी १ फेब्रुवारी २००५ ला नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा लँडलाइन, मोबाइल, नेट सगळंच गेलं, त्यामुळं मान नेपाळला देणं जास्त बरोबर वाटतं. तारेपर्यंत मागं गेलं तर आपल्याकडं इंग्रजांच्या १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५ होतं, सार्वजनिक आणीबाणीत संदेश अडवायची मुभा देणारं. १९३० साली सोलापुरात ९ ते ११ मे इंग्रजांचं राज्य जवळपास उठलं होतं, मग १२ मे ते ३० जून मार्शल लॉ लागला, तेव्हा हाच कायदा चालू होता. फरक एवढाच की तारखातं सरकारचंच, कंपनीला कागद पाठवायची भानगड नव्हती.

इजिप्तमध्ये ती भानगड होती. तिथल्या २००३ च्या टेलिकॉम कायद्याचं कलम ६७ सरकारला आणीबाणीत सगळं नेटवर्क ताब्यात घेऊ देतं. २८ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर एकेका कंपनीनं आपले बीजीपी रूट काढून घेतले, म्हणजे वायर कापली नाही, "आमच्याकडं यायचा रस्ता हा" असं बाकीच्या जगाला सांगणंच बंद केलं. नूर नावाची एक कंपनी ३१ तारखेपर्यंत चालू राहिली, शेअर बाजार तिच्यावर होता. व्होडाफोननं कायद्यानं बांधलेलो आहोत म्हणून सांगितलं, आणि सरकारनं लिहून दिलेले एसएमएसही त्यांच्याच नेटवर्कवरून लोकांना गेले, त्याबद्दल निषेध नोंदवला असं कंपनी नंतर म्हणाली, पण मेसेज जायचे ते गेलेच. २ फेब्रुवारीला नेट परत आलं.

नाही म्हणायचं तर निघून जायचं, पण ते दिसतं तेवढं साफ नसतं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर नॉर्वेच्या टेलिनॉरनं आलेले आदेश काही दिवस जाहीर केले, मग तेही करू देईनात. फोन ऐकायची यंत्रणा सुरू करा असा दबाव आला म्हणून कंपनीनं धंदा विकायला काढला, आणि विक्रीबरोबर सुमारे १ कोटी ८० लाख ग्राहकांची कॉल रेकॉर्डं पण नव्या मालकाकडं जाणार म्हणून तिथले कार्यकर्ते ओरडत होते. मार्च २०२२ मध्ये व्यवहार झाला. जूनपासून त्या नेटवर्कचं नाव एटम.