अनोळखी यूएसबी उपकरण

लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात काहीतरी जोडले गेले आहे एवढे संगणकाला कळते, पण ते काय आहे हे कळत नाही, अशा वेळी उद्भवणारा दोष. विंडोजमध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड’ असा संदेश उमटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीत, त्याच वेळी ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ ही ओळ पिवळ्या त्रिकोणासह दिसते आणि तिच्या तपशिलात बहुधा कोड ४३ (उपकरणात अडचण आढळल्याने विंडोजने ते थांबवल्याची खूण) असतो. मुंबईच्या दुरुस्ती बाजारात या सगळ्याला ‘डिटेक्ट होत नाही’ एवढा एकच शब्दप्रयोग पुरतो. तो सोयीचा आहे, पण त्यात निदान तीन वेगळे दोष एकाच पोत्यात भरले जातात.

व्याप्ती : पहिल्या प्रकारात उपकरण जोडल्यावर काहीच घडत नाही, आवाज नाही, संदेश नाही. नुसती चार्जिंगची केबल वापरली की असे होते, कारण तिच्यात डेटाच्या तारा नसतात. तिसऱ्या प्रकारात ओळख पटलेली असते, पण ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, नसतो (कोड २८), किंवा पेन ड्राइव्ह दिसतो पण त्यावरची फाइल रचना बिघडल्याने विंडोज तो फॉरमॅट करायला सांगते. प्रस्तुत नोंद या दोहोंच्या मधल्या प्रकाराची आहे : उपकरण दाराशी आले, पण नाव सांगू शकले नाही. ग्राहक आणि दुकानदार यांचे बरेचसे वाद हे तीन प्रकार वेगळे न केल्याने होतात.

उगम : यूएसबीचा जनक कोण, या प्रश्नाला भारतीय वाचनात ठराविक उत्तर मिळते ते म्हणजे अजय भट्ट. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले भट्ट १९९० मध्ये इंटेलमध्ये रुजू झाले. २००९ मध्ये इंटेलने एका जाहिरातीत त्यांना एखाद्या रॉक गायकासारखे पेश केले (जाहिरातीत दिसणारी व्यक्ती मात्र भट्ट नव्हे, एक अभिनेता होता), आणि तेव्हापासून ‘यूएसबी एका भारतीयाने शोधली’ हे विधान रूढ झाले. ते निराधार नाही, पण अपुरे आहे. यूएसबीचे मानक १९९० च्या दशकाच्या मध्यास कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून आखले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय पेटंट कार्यालयाने २०१३ मध्ये दिलेला पुरस्कारही भट्ट आणि त्यांच्या इंटेलमधील सहकाऱ्यांना मिळून होता. तेव्हा भट्ट हे एकमेव जनक नव्हेत, तर इंटेलमधील प्रमुख शिल्पकार, असे म्हणणे अधिक योग्य दिसते.

दोषाचा इतिहास सांगताना शिकागोच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनातील २० एप्रिल १९९८ चा प्रसंग हटकून येतो. बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ च्या प्रात्यक्षिकात यूएसबी स्कॅनर जोडला गेला आणि पडदा निळा पडला. काही लेखनात हे न ओळखलेल्या यूएसबीचे पहिले जाहीर उदाहरण ठरवले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. तिथे सारी प्रणालीच कोसळली. आपल्या दोषात प्रणाली ठणठणीत असते आणि शांतपणे नकार देते. हा नकार फुग्यातल्या संदेशाच्या रूपाने घरोघरी पोहोचला तो २००१ च्या विंडोज एक्सपीनंतर. विंडोज ८ पासून (२०१२) नुसत्या ‘अननोन’च्या पुढे कारणही लिहून येऊ लागले. त्यातले सर्वांत आढळणारे म्हणजे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, म्हणजे उपकरणाची ओळखचिठ्ठी (डिस्क्रिप्टर) मागितली पण मिळाली नाही. या बदलाचे महत्त्व दुरुस्तीच्या दृष्टीने मोठे आहे, कारण गाडी नेमकी कुठल्या स्टेशनात अडली हे त्यातून कळते.

ओळखविधी : यूएसबीत उपकरण स्वतःहून कधीच बोलत नाही. यजमान, म्हणजे लॅपटॉप, विचारतो आणि उपकरण उत्तर देते. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन वही पुढे करून नाव-गाव विचारतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे ओळखीच्या माणसालाही दर खेपेला वही भरावी लागते.

जुन्या चौकोनी प्लगमध्ये चार पट्ट्या असतात : मधल्या दोन डेटाच्या (एक धन, एक ऋण), कडेच्या दोन वीज आणि जमिनीच्या (ग्राउंड). कडेच्या पट्ट्या मुद्दाम सुमारे १ मिमी लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे आधी वीज पोहोचते आणि मग डेटा जुळतो. पोर्टाच्या बाजूला दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमच्या रोधांनी (रेझिस्टर) खाली ओढून धरलेल्या असतात. उपकरण १.५ किलोओहमच्या रोधाने त्यातली एक तार वर खेचते. धन तार वर गेली तर उपकरण १२ मेगाबिट वेगाचे (किंवा त्याहून वेगवान होऊ शकणारे), ऋण तार वर गेली तर माउस-कीबोर्डसारखे १.५ मेगाबिटचे. इथे ‘कुणीतरी आले’ हे लॅपटॉपला कळते. नेहमीचा ‘टिंग’ आवाज मात्र पुष्कळ पुढचा.

जोडणी स्थिरावण्यासाठी साधारण १०० मिलिसेकंद थांबून यजमान उपकरणाला रीसेट देतो. रीसेटनंतर उपकरणाचा पत्ता शून्य असतो. याच शून्य पत्त्यावर यजमान डिस्क्रिप्टर मागतो, नंतर १ ते १२७ मधला एक पत्ता बहाल करतो आणि नव्या पत्त्यावर पूर्ण डिस्क्रिप्टर पुन्हा मागतो. हा डिस्क्रिप्टर अवघा १८ बाइटचा असतो. उत्पादकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक त्यातच असतात, आणि कोणता ड्रायव्हर लावायचा हे विंडोज त्यांवरूनच ठरवते. हे १८ बाइट धड आले नाहीत तर विंडोज काही वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि मग हात टेकते. अशा उपकरणाच्या हार्डवेअर आयडीत उत्पादक क्रमांकाच्या जागी ०००० आणि उत्पादन क्रमांकाच्या जागी ०००२ दिसतो. हे आकडे उपकरणाचे नव्हेत. विंडोजने स्वतः चिकटवलेली ती चिठ्ठी आहे. त्यांवरून इंटरनेटवर ड्रायव्हर शोधत बसणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

कारणमीमांसा : या दोषाबाबत दोन मते आढळतात. सल्ला देणारे बहुतेक लेखन ड्रायव्हरपासून सुरू होते : अनइन्स्टॉल करा, अपडेट करा. दुरुस्तीच्या टेबलावर बसणारे मात्र आधी केबल आणि पोर्ट पाहतात. वर वर्णिलेला क्रम लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ओळख पटण्याआधी उपकरणाच्या ड्रायव्हरचा प्रवेशच होत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर दहादा घातला तरी न आलेले १८ बाइट येणार नाहीत. अपवाद पोर्ट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही, तो वेगळा घालावा लागतो. आणि अर्धवट झोपेतून उठलेला कंट्रोलर कधीकधी अडून बसतो.

वीज कमी पडणे हे दुसरे मोठे कारण. यूएसबी २.० पोर्टाकडून ओळख पूर्ण होईपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि नंतर ५०० पर्यंत प्रवाह घेता येतो, ३.० कडून ९०० पर्यंत. एक्सटर्नल हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागताना याहून जास्त ओढ लागू शकते. मग टक-टक आवाज येतो, डिस्क उठते, बसते आणि संदेश येतो. लांब एक्स्टेंशन केबल आणि स्वतःची वीज नसलेला स्वस्त हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) यात भर घालतात.

लॅपटॉपमधील विशेष : पोर्टात काहीही नसताना हा संदेश आला तर पुष्कळजण व्हायरसचा संशय घेतात. कारण साधे असते. वेबकॅम, ब्लूटूथ, बोटाच्या ठशाचा वाचक, कार्ड रीडर यांपैकी बरेच भाग लॅपटॉपच्या पोटात यूएसबीनेच जोडलेले असतात. वेबकॅमची बारीक केबल बिजागरीतून जाते आणि झाकण हजारदा उघडझाप केल्यावर तुटू लागते. झाकण एका ठराविक कोनात आले की संदेश येतो, ही तिची खूण. तसेच, अनेक लॅपटॉपांत एका बाजूचे पोर्ट मदरबोर्डवर नसून पट्टी-केबलने जोडलेल्या छोट्या बोर्डावर असतात. उपकरण डावीकडे चालते आणि उजवीकडे नाही, असे दिसले तर आधी ही पट्टी पाहावी.

मुंबईतील स्थिती : ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड हा या दुरुस्तीचा शहरातील जुना पत्ता. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला होते. आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते सांगून दुकान सापडायला वेळ लागतो.

शहराची हवा या दोषाला पोषक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, शिवाय समुद्राचा खारटपणा. वापरात नसलेल्या पोर्टाच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो आणि संपर्क असून नसल्यासारखा होतो. पावसात लोकलच्या दारात उभे राहून आलेल्या बॅगेतला पेन ड्राइव्ह, किंवा खिशातल्या कापसाचे बोळे अडकलेला टाइप-सी पोर्ट, हेही नेहमीचे गिऱ्हाईक. कारागीर मऊ ब्रश आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात. घरी टाचणी घालणे धोक्याचे, आणि तेही लॅपटॉप चालू असताना तर मुळीच नको.

सरकारी सेवा केंद्रे, सीएंची कार्यालये आणि ई-निविदा भरणारे कंत्राटदार यांना हा दोष भेटतो तो डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनच्या (पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी उपकरणाच्या) रूपाने, बहुधा शेवटच्या तारखेला. तिथे ‘टोकन नॉट फाउंड’ हा संदेश स्वाक्षरीच्या सॉफ्टवेअरचा असतो आणि टोकनचा ड्रायव्हर नसल्यानेही येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसत नसेल तर लगेच टोकनला दोष देऊ नये.

निवारण : उपकरण काढून दुसऱ्या बाजूच्या पोर्टात, हबशिवाय, दुसऱ्या केबलने लावणे आणि तेच उपकरण दुसऱ्या संगणकावर पाहणे, एवढ्यानेच दोष कुणाचा ते बहुतेक वेळा ठरते. निळ्या पोर्टाची एक गंमत ध्यानात ठेवावी : यूएसबी ३.० मध्ये ५ गिगाबिटसाठी वेगळ्या तारा असतात, त्यामुळे जुन्या दोन डेटा तारा तुटलेली ३.० ची हार्ड डिस्क निळ्या पोर्टात चालू शकते आणि जुन्या, काळ्या पोर्टात चालत नाही. उलट, धड असलेल्या डिस्कचा प्लग हळू सरकवला तर निळ्या पोर्टातही तिची जुन्याच वेगाने ओळख होऊ शकते.

दोष लॅपटॉपकडे आहे असे दिसल्यास त्याची उरलेली वीज उतरवणे हा उपाय खरोखर लागू पडतो : लॅपटॉप बंद करून चार्जर काढायचा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे. अडकलेला कंट्रोलर यानंतर नव्याने सुरू होतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे ‘शट डाउन’ पुरते बंद होत नाही, ‘रीस्टार्ट’ने होते, म्हणून ‘बंद करून चालू केला तरी फरक नाही’ ही तक्रार खरी असते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून ती अनोळखी ओळ आणि रूट हब (लॅपटॉपच्या आतला पोर्टांचा हब) अनइन्स्टॉल करून पुन्हा स्कॅन करावे, आणि पॉवर पर्यायांतील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी रिकामी यूएसबी उपकरणे झोपवणारी सोय) बंद करून पाहावे. लिनक्सवर डीमेसेज ही आज्ञा अधिक बोलकी आहे : त्रुटी क्रमांक उणे ७१ म्हणजे संवादाचे नियम मोडले, उणे ११० म्हणजे वेळेत उत्तर आले नाही. दोन्ही ठिकाणी संशय केबल, जोड आणि वीज यांवरच येतो.

बनावट चिप : नक्कल केलेल्या चिपांमुळे ओळख हरवण्याचे गाजलेले प्रकरण ऑक्टोबर २०१४ चे. यूएसबीचे सीरियल पोर्टात रूपांतर करणाऱ्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नक्कल केलेल्या चिपांचा उत्पादन क्रमांक त्याने शून्य करून टाकला. चिप जिवंत राहिली, पण तिला कोणताच ड्रायव्हर लागेना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लॅमिंग्टन रोडवर असे कन्व्हर्टर विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना चिप खरी की नक्कल हे दुकानात उभे राहून कळण्याचा मार्ग नसतो.

पेन ड्राइव्ह : यात दोष बहुधा कंट्रोलर चिपचा किंवा प्लगच्या सुटलेल्या सोल्डरचा. सोल्डर सुटला असेल तर तो पुन्हा लावताच सारे परत मिळते. कंट्रोलरचा अंतर्गत प्रोग्रॅम बिघडला तर मोफत मिळणाऱ्या कारखानी साधनांनी पेन ड्राइव्ह नवा करता येतो, मात्र त्यात आतली माहिती पुसली जाते. म्हणून जाणता कारागीर काम हाती घेण्यापूर्वी विचारतो, ‘साहेब, डेटा पाहिजे की पेन ड्राइव्ह?’ डेटा हवा असेल तर मेमरी चिप काढून ती वेगळ्या यंत्रावर वाचावी लागते. नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतात. तिथे वरचा थर खरवडून, केसाएवढ्या तारा जोडून वाचन करावे लागते, आणि हे काम मोजकेच करतात.