राष्ट्रपतींवरील महाभियोग

राष्ट्रपतींना मुदतीआधी पदावरून दूर करण्याची संसदीय कारवाई. तिची पद्धत संविधानाच्या ६१व्या अनुच्छेदात दिली आहे. कारण एकच चालते : संविधानाचा भंग. भंग कशाला म्हणायचे याची व्याख्या मात्र संविधानात नाही. भारतात आजवर एकाही राष्ट्रपतींना महाभियोगाने हटवलेले नाही.

खानदेशात पारावर हा विषय निघाला की तो हमखास सरपंचावरील अविश्वास ठरावाच्या मापाने मोजला जातो. ते स्वाभाविक आहे. ‘सरपंचले काढी टाकं’ ही बातमी गावाला ओळखीची असते. तहसीलदारांकडे नोटीस जाते, विशेष सभेची तारीख पडते आणि तोवर काही सदस्य ‘सहलीला’ गेलेले असतात, ते थेट मतदानालाच उगवतात. पण अविश्वासात आरोप शाबित व्हावा लागत नाही, संख्या जमली की पुरे. महाभियोगात चौकशी अटळ आहे.

दोषारोप लोकसभा किंवा राज्यसभा, कोणतेही सभागृह ठेवू शकते. त्यासाठी एक-चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची, १४ दिवस आधी दिलेली नोटीस लागते आणि ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांनी संमत व्हावा लागतो. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर १३६ सह्या आणि ३६२ मते. हिशेब हजर सदस्यांचा नसून एकूण संख्येचा असल्याने जो घरी बसला तो विरोधातच गेला. पुढे दुसरे सभागृह चौकशी करते किंवा करवते. तिथे राष्ट्रपतींना स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडता येते. त्या सभागृहानेही दोन-तृतीयांशांनीच दोष शाबित झाल्याचा ठराव केला, की त्याच दिवसापासून पद जाते. अमेरिकेत सिनेटमध्ये हजर सदस्यांचे दोन-तृतीयांश पुरतात. तरीही १८६८ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले.

या तरतुदीतली खरी गंमत मतदारांच्या यादीत आहे. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात. जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ असे खानदेशचे २० आमदार. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य (एक मत किती मतांइतके मोजायचे तो आकडा) १७५, म्हणजे एकूण ३,५००. हटवताना या २० जणांना शून्य अधिकार. उलट राज्यसभेतील १२ नामनियुक्त सदस्यांना निवडणुकीत मत नसते, महाभियोगात असते. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ग्रामसभेपुढे, म्हणजे निवडणाऱ्यांपुढेच, परत जातो. त्या मानाने दिल्लीची व्यवस्था गावापेक्षा तुटक वाटते.

बोदवड तालुक्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. एदलाबादच्या (आताचे मुक्ताईनगर) आमदार म्हणून त्या वर्षानुवर्षे निवडून आल्या होत्या. त्यामुळे राष्ट्रपती भवन या भागाला फार परके उरलेले नाही.

न्यायाधीशांना हटवण्यालाही वृत्तपत्रे महाभियोगच म्हणतात. संविधानात हा शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. उपराष्ट्रपतींना हटवण्याची रीत वेगळी असून ठराव राज्यसभेतच मांडावा लागतो.

राष्ट्रपती हटवले गेल्यास उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. त्या निवडणुकीत मुक्ताईनगर, साक्री, अक्कलकुव्याचे आमदार पुन्हा मतदार असतात.