बिबट्यांविषयीचे लोकमत व जनजागृती

वन्यप्राण्यांबद्दल लोकांना काय वाटते आणि ते प्रत्यक्षात काय करतात हे मोजून त्यानुसार जनजागृतीचा आशय ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः बिबट्याच्या प्रश्नातून रुजली.

जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ‘पिंजरा लावा’ ही लोकांचीच मागणी होती. परिणाम उलटा झाला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी आधी ४ होती, ती मोहिमेनंतर १७ झाली. पुढे अकोले तालुक्याच्या शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. ‘जंगल संपले म्हणून बिबट्या गावात आला’ हे प्रचारातले आवडते वाक्य या शिवारात लागू पडत नाही. येथील बिबट्या उसातच जन्मतो आणि वाढतो.

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने २०११ मध्ये नागरिक व संशोधकांसोबत बिबट्यांविषयी जनजागृतीचा उपक्रम सुरू केला. त्यात पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या गेल्या, कारण बिबट्या न पाहिलेल्यांचे मत बातम्यांवर पोसले जाते.

लोकमताची पाहणी वाटते तितकी सोपी नाही. पाच टक्क्यांच्या चूकमर्यादेसाठी साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडीत सुमारे ३८५ उत्तरे लागतात. पण एकाच वस्तीतली उत्तरे एकमेकांसारखी येत असल्याने गावे निवडून पाहणी केल्यास ही संख्या दुप्पट धरणे शहाणपणाचे. मतदारयादीवरून घरे निवडली की ऊसतोड कामगार हमखास सुटतात, आणि उघड्यावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या त्यांच्याच मुलांना धोका अधिक असतो. म्हणून पाहणीचा एक भाग गाळप हंगामात, थेट फडावर करावा. वनरक्षक गणवेशात सोबत असेल तर उत्तरे गोड येतात किंवा भरपाईच्या तक्रारीकडे वळतात. ‘बिबट्या असावा की नसावा?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याऐवजी गेल्या वर्षभरात किती शेळ्या गेल्या, गोठ्याला दार व वरून जाळी आहे का, रात्री पाणी द्यायला शेतात कोण जाते, बिबट्या दिसल्यावर काय केले, असे विचारावे. स्त्रियांची मुलाखत वेगळी घ्यावी. शेळ्यांचा हिशेब बहुधा त्यांच्याकडेच असतो. वारली व महादेव कोळी समाजांत वाघोबाला मान आहे, पण श्रद्धा आहे म्हणजे नुकसान मान्य आहे, असा अर्थ काढू नये.

संदेश हातून होण्याजोगा असावा. ‘निसर्ग वाचवा’पेक्षा ‘अंधारात मुलाला एकटे बाहेर पाठवू नका’, ‘कचरा व मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नका’, ‘बिबट्याभोवती गर्दी करू नका, १९२६ वर कळवा’ हे जास्त उपयोगी पडते. ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून गावात आणू नयेत. वनकर्मचारी त्यांना संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना नेते.

परिणाम मोजताना जेथे मोहीम झाली नाही अशी तुलनेची गावे हवीत. पाहणीच्या आठवड्यात जवळ एखादा हल्ला झाला तर सारी उत्तरे भीतीकडे झुकतात; अशा वेळी मतांपेक्षा किती गोठ्यांना नवी जाळी बसली, हा आकडा विश्वासार्ह.