फेब्रुवारीत पिकणारी वाइन

फेब्रुवारीत नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सकाळी सातला स्वेटर लागतो आणि दुपारी एकला सावली शोधावी लागते. वायनरी बघायला येणारी बहुतेक मंडळी संध्याकाळी येतात. सूर्यास्त छान दिसतो, हे खरंच आहे. पण मला विचाराल तर खुडणी चालू असताना, सकाळीच जावं. सात आणि एकमधल्या त्या फरकातच गोदावरीच्या खोऱ्यातल्या वाइनचं निम्मं शास्त्र आहे.

बागेत विचारून एक मणी तोंडात टाकून बघा. थॉमसन किंवा सोनाका या बिनबियांच्या खायच्या द्राक्षांची सवय असलेल्या जिभेला तो परकाच वाटतो. मणी लहान, साल जाड, गर थोडा आणि आत चक्क बिया. बी थुंकून टाकू नका, तळहातावर घेऊन तिचा रंग बघा. हिरवी असेल तर घड अजून कच्चा आहे. तपकिरी असेल, दाताखाली कडकन फुटत असेल, तर खुडणी जवळ आली. बागेतला माणूस रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या उपकरणाच्या, काचेवर रसाचा थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून आकडा वाचतो. ब्रिक्स बावीस, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण बावीस ग्रॅम साखर. खायच्या द्राक्षाला इतकी गोडी लागत नाही. वाइनला लागते, कारण पुढे ती साखरच दारू व्हायची असते.

मणी मऊ पडू लागतो, त्याला आपले बागायतदार ‘पाणी उतरलं’ म्हणतात. शब्द नेमका आहे. त्या दिवसांत मण्याचा कडकपणा जातो, साखर भराभर साठू लागते आणि लाल वाणांच्या सालीत रंग उतरतो. त्याच वेळी आंबटपणा कमी व्हायला लागतो. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बरंच टिकतं. मॅलिक मात्र मणी स्वतःच्या श्वसनासाठी जाळतो, आणि ऊब जितकी जास्त तितकं ते लवकर संपतं. दिवसा ऊन हवं, त्याशिवाय साखर नाही. रात्र मात्र थंड हवी, म्हणजे आम्ल शिल्लक राहील. जानेवारीत नाशिकला पारा रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दिवसा अठ्ठावीसपर्यंत चढतो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि कोरडी हवा यांची ही देणगी. हाच फरक खायच्या द्राक्षाला नडतो. थंडी जास्त पडली की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते, भाव पडतो, म्हणून शेतकरी घडांना कागद गुंडाळतात. एकाच थंडीने शेजारच्या दोन बागांपैकी एकीची झोप उडते आणि दुसरीचं भलं होतं.

फ्रान्समध्ये बोर्दोला द्राक्षं पिकतात ती सप्टेंबरात, दिवस लहान आणि थंड होत जाताना. तिथला वाइनवाला थोडं थांबू शकतो. नाशिकला गणित उलटं आहे. इथे मणी पिकतो तो उन्हाळ्याकडे तोंड करून. जानेवारी संपला की रोज ऊन वाढतं आणि फेब्रुवारी सरताना पारा तिशीच्या वर जातो. दोन-चार दिवसांचा उशीरही आम्ल घेऊन जातो. म्हणून शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं आधी खुडतात, शिराज आणि कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइनची मागून. खुडणी पहाटेपासून सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायांचे हात क्रेट भरत असतात ते गारव्यातच, कारण तापलेला घड वायनरीत पोहोचेपर्यंत त्याचा रस काळवंडू लागतो.

पण मुळात द्राक्ष हिवाळ्यात पिकतंच कसं? जगातले वाइनचे नावाजलेले प्रदेश बहुतेक तीस ते पन्नास अक्षांशांमध्ये आहेत. नाशिक विसाव्यावर. बोर्दोला डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. वेल पानं गाळते आणि झोपी जाते. वसंतात तिला ऋतूच उठवतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवसही अकरा तासांचा, त्यामुळे वेल खरी झोपतच नाही. मोकळी सोडली तर ती वेडीवाकडी वाढत राहील, कुठे फूट, कुठे घड, आणि तेही भर पावसात. तिथे केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग टपलेले असतातच. म्हणून ऋतूचं काम इथे कात्री करते. एप्रिलला नवी काडी तयार करणारी खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावतात, मग दहा-बारा दिवसांत बाग एकसारखी फुटते. रसायन विषारी आहे, हातमोजे आणि मास्क न घालता ते हाताळणारी माणसं दिसली की जीव कळवळतो.

नदीचं कामही इथे वेगळं आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाण्यावरून परतणारा उजेड आणि उतारावरच्या काळ्या पाटीच्या दगडात साठणारी ऊब वेलीला मदत करते, कारण तिथे उन्हाचीच टंचाई. आपल्याकडे ऊन मुबलक, टंचाई पाण्याची. पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि घड वाढतो तो कोरड्या महिन्यांत. गोदावरी गंगापूरला अडवलेली, तशी कादवा करंजवणला. ते पाणी ठिबकच्या नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी पोहोचतं, तेव्हा वेल उभी राहते. मणी पिकताना पाणी मुद्दाम तोडतात, म्हणजे वेल पानं वाढवण्याचा नाद सोडते आणि मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा हे बहुतेक सालीतच असतं.

बागेत फिरताना ‘इथल्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते’ असंही कुणी सांगतं. ऐकायला गोड आहे, पण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट काही जिभेवर येत नाही. माती काम करते ती पाणी धरण्या-सोडण्यातून. मुरमाड जमीन पाणी सोडते, काळी कसदार जमीन धरून ठेवते. वाइनला मुरमाड बरी. माळ्याला जी जमीन नको असते ती इथे मानाची ठरते.

वायनरीत शिरलात की स्टीलच्या उंच टाक्यांवर हात ठेवून बघा, गार लागतील. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, आणि भरपूर उष्णता सोडतं. एका लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. पांढरी वाइन बारा ते सोळा अंशांवर हळूहळू आंबवतात, नाहीतर फळाचे नाजूक वास वायूबरोबर उडून जातील. लाल वाइनची टाकी अधिक उबदार ठेवतात, कारण तिथे सालीतला रंग रसात उतरायचा असतो. लाल द्राक्षाचाही गर बहुधा पांढुरकाच असतो. लाली सगळी सालीची.

चवीच्या खोलीत लाल वाइनचा घोट घेतल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात. मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. जांभूळ, सुपारी, हिरडा, सगळ्यांचा तुरटपणा याच जातीचा. टॅनिन ही तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. म्हणजे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट.

एप्रिलनंतर पाहुणे आटतात. बाग ओकीबोकी होते, बघण्यासारखं काही उरत नाही असं वाटतं. पण पुढच्या फेब्रुवारीचे घड ठरतात ते तेव्हाच. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीच्या डोळ्याच्या आत, नुसत्या नजरेला न दिसणारा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं किंवा पानांची दाटी झाली की तिथे घडाऐवजी तणावा, म्हणजे वेलीचा आधाराला गुंडाळणारा दोरा, तयार होतो, आणि ऑक्टोबरात बाग फुटते ती रिकामी. म्हणून गोडी छाटणीआधी शेतकरी काड्यांची जुडी बांधून तपासणीला नेतो. प्रयोगशाळेतली मुलगी एकेक डोळा ब्लेडने उभा चिरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरते. आत घडाचा इवलासा आकार दिसला की ती वहीत खूण करते. शेतकरी टेबलावर वाकून एवढंच विचारतो, “ताई, कितव्या डोळ्यावर कात्री लावू?”